फुलाआधी धुरा : इकेबाना आणि आपले माळरान

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या सायंकाळी आपल्या वसतिगृहातील मुले फुले आणावयास निघत, हे या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना आठवत असेल. वाशिमच्या वैशाखात फुलांची चणचणच असते. विहिरी तळाला गेलेल्या, माळ करपलेला; तरी विहाराजवळचा चाफा, कुंपणाची कण्हेर आणि रस्त्याच्या कडेचा बहावा ऐन भरात असतात. तासाभरात मुले टोपल्या आणि सदऱ्याचे ओचे भरून परत येत. दुसऱ्या दिवशी तथागतांच्या मूर्तीपुढे फुलांचा एवढा ढीग पडे की मूर्तीचे चरण दिसेनासे होत. तिसऱ्या दिवशी तोच ढीग उकिरड्यावर असे. विज्ञानाचा शिक्षक या नात्याने मी हे अनेक वर्षे पाहिले आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर त्यात मला काही वावगे वाटले नाही. बहाव्याच्या ज्या फांद्या मुलांनी ओरबाडल्या, त्यांवरील घोसांकडे येणाऱ्या काळ्या सुतार भुंग्यांनी त्या दिवशी काय केले असेल, हा प्रश्न वर्गात परागीभवन शिकविणाऱ्या मलाही पडला नव्हता.

तो पडला जपानी पुष्परचनेविषयी वाचू लागल्यानंतर. 'इकेबाना' या शब्दात दोन घटक आहेत. 'इकेरु' म्हणजे जिवंत ठेवणे, मांडणे; आणि 'हाना' म्हणजे फूल. फूल तोडल्यावर ते जिवंत ठेवण्याची जबाबदारी तोडणाऱ्यावर येते, हे नावातच सांगितलेले आहे. या कलेचे चाहते निसर्गाच्या जतनास कसा हातभार लावू शकतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय. वाशिमच्या वाचकास तो प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. पण त्याचे एक टोक आपल्याच गावात आहे.

आपण ज्याला वाशिम म्हणतो ते प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाचा प्रधान वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे कोरवून संघास अर्पण केले. तसा शिलालेख तेथे आहे. त्याच काळातील 1 क्रमांकाच्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणी उभा आहे. राजमुकुट, अलंकार, भोवती माणसांची दाटी. आणि हातात कमळ एकच. अजिंठ्याच्या सहलीत मुलांना हे चित्र दाखविताना मी नेहमी डोळ्यांविषयी बोलत असे, त्या एका कमळाविषयी कधी बोललो नाही.

बुद्धधम्म चीन आणि कोरियामार्गे सहाव्या शतकात जपानला पोहोचला, तेव्हा मूर्तीपुढे फूल ठेवण्याची चालही त्याच्याबरोबर गेली. पुढे विदर्भात ती वाट उलट दिशेनेही चालली गेली. दीक्षाभूमीशी निगडित असलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई मूळचे जपानचे, आणि 1999 मध्ये उभे राहिलेले कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तेथील शांत, मोकळी जागा पाहून परतलेला माणूस आपल्या विहारातील गर्दीकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो, असा माझा अनुभव आहे.

विहारातून निघालेली कला

क्योतो शहरात रोक्काकुदो नावाचे सहा कोनांचे बौद्ध मंदिर आहे. त्याच्या परिसरात एक तळे होते आणि तळ्याकाठच्या कुटीत राहणारे भिक्खू मूर्तीस फुले वाहत. 'इके' म्हणजे तळे आणि 'बो' म्हणजे भिक्खूची कुटी. म्हणून त्यांच्या परंपरेस 'इकेनोबो' हे नाव पडले. (आपल्या शहरातील पद्मतीर्थाच्या नावातही तळे आणि कमळ एकत्र आहेत, हे जाता जाता नमूद करतो.) इकेनोबो सेंकेई या भिक्खूने रचलेली फुले पाहण्यास क्योतोचे लोक लोटत, अशी नोंद 1462 सालच्या एका रोजनिशीत सापडते. सोळाव्या शतकात इकेनोबो सेन्नो याने या कलेची शिकवण लिहून ठेवली. केवळ सुंदर फूल पाहण्यापेक्षा वनस्पती आपल्या जागी कशी वाढते, हे पाहावे, असा तिचा रोख आहे. डोंगरावरची फांदी आणि पाणथळीचे पाते यांचा मेळ घालणाऱ्याला डोंगर आणि पाणथळ दोन्ही ठाऊक असावी लागतात.

पुढे अनेक पंथ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उन्शिन याने उथळ पात्रातील रचना रूढ केली. तिच्यात तळ्याकाठचा किंवा माळावरचा देखावा मांडता येतो. 1927 मध्ये तेशिगाहारा सोफू याने सोगेत्सु पंथ स्थापिला आणि कोणीही, कोठेही, कोणत्याही साहित्याने रचना करू शकतो, असे सांगितले. ज्या 1956 साली नागपुरात धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी टोकियोत 'इकेबाना इंटरनॅशनल' ही संघटना निघाली.

बहुतेक पंथांत रचनेचा सांगाडा तीन मुख्य काड्यांचा असतो : एक उंच, एक मध्यम, एक ठेंगणी. बाकी जे येते ते आधारापुरते. पाने खुडून कमी केली जातात, काड्यांमधील मोकळी जागा भरली जात नाही. आपल्या हाराच्या रीतीच्या हे नेमके उलट आहे. हारात फूल मोजले जात नाही, वजन केले जाते.

तथापि, इकेबाना म्हणजे आपोआप निसर्गप्रेम, असे समजणे भाबडेपणाचे होईल. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याची एक प्रसिद्ध कथा सांगितली जाते. त्याच्या बागेत नीलवर्णी वेलफुलांचा बहर आला आहे, असे ऐकून सत्ताधीश हिदेयोशी ती पाहण्यास गेला. बागेत एकही फूल नव्हते, सारी तोडलेली. चहाच्या खोलीत शिरल्यावर एका पात्रात एकच फूल ठेवलेले दिसले. रसिकतेचा परमोच्च नमुना म्हणून ही कथा ग्रंथांत येते. मी ती नववीच्या वर्गात त्याच कौतुकाने सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बाकीच्या फुलांवरच्या माशांनी मग काय केलं?" वर्ग हसला. मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते. जपानी विचारवंत ओकाकुरा काकुझो याने 1906 च्या आपल्या 'द बुक ऑफ टी' या ग्रंथात फुलांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पाश्चात्त्यांची फुलांची उधळपट्टी त्याला खुपते, पण स्वतःच्या देशातील पुष्पाचार्यांनाही तो मोकळे सोडत नाही. मागच्या बाकावरचा मुलगा त्याच पंगतीतला.

विनयपिटकात भिक्खूने वाढत्या वनस्पतीस इजा करू नये, असा नियम आहे. पाचित्तिय नियमांत तो येतो. धम्मपदातील पुप्फवग्गात फुलाचा रंग आणि गंध न दुखविता रस नेणाऱ्या भुंग्याचा दृष्टांत आहे. पुष्पपूजेची गाथा तर आपण सगळेच म्हणतो, आणि तिचा आशय फूल कोमेजते तसाच हा देहही, एवढाच आहे. त्या आशयाला एक फूल पुरते. टोपलीभर फुलांनी तो अधिक खरा होत नाही.

जपानची सात फुले आणि आपला माळ

जपानमध्ये शरद ऋतूची सात फुले फार जुन्या काळापासून काव्यात आणि रचनेत मानाची. त्यांत निळ्या घंटेसारखे किक्यो आहे, सुगंधी फुजिबाकामा आहे, आणि सुसुकी नावाचे साधे गवतही आहे. ही सारी कुरणांत, नदीकाठी वाढणारी. आज किक्यो आणि फुजिबाकामा यांची रानातील संख्या इतकी घटली आहे की त्या देशाच्या धोक्यातील वनस्पतींच्या यादीत दोघांची नावे आहेत. दुकानांत किक्यो मुबलक मिळते. रानात शोधावे लागते. म्हणजे चित्रात, वस्त्रांवर, पात्रात फूल शाबूत राहिले आणि त्याचे घर गेले.

घर का गेले, हे आपण नीट समजून घ्यावे. त्या कुरणांतले गवत छपरांसाठी, गुरांसाठी, खतासाठी दरवर्षी कापले जाई, कोठे वसंतात जाळले जाई. त्यामुळे झुडपे माजत नसत आणि उन्हाची हौस असलेल्या फुलांना जागा राही. छपरे कौलांची व पत्र्यांची झाली, बैलांच्या जागी यंत्रे आली, गवत कापणारे हात थांबले. कुरणांवर झाडी चढली किंवा वस्ती उभी राहिली. माणसाने हात लावला म्हणून नव्हे, लावायचा थांबला म्हणून ती फुले हटली. क्यूशू बेटावरील आसो परिसरात आजही दर वसंतात कुरणे नियमाने जाळतात आणि शेतकऱ्यांच्या मदतीस शहरांतून स्वयंसेवक जातात. क्योतोत नागरिक व मंदिरे फुजिबाकामाची रोपे कुंड्यांतून वाढवितात आणि त्या फुलांवर दूरचा प्रवास करणारी आसागिमादारा फुलपाखरे उतरतात. फुलांच्या चाहत्यांनी घराकडे वळून पाहिल्याची ही उदाहरणे आहेत.

आता आपल्याकडे पाहू. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेले छोटे अभयारण्य आहे, सुमारे 18 चौरस किलोमीटरचे. बाहेरून येणारा माणूस तेथे 'जंगल' शोधतो आणि निराश होतो. कारण तेथील वैभव गवत आहे. पवन्या, मारवेल, कुसळी यांच्या तुऱ्यांवर आश्विनातील तिरपे ऊन पडते तेव्हा जे दिसते, त्यास सुसुकीच्या सौंदर्यापेक्षा उणे म्हणण्याचे कारण मला दिसत नाही. अशा माळांवर पावसाळ्यात तणमोर जमिनीवर घरटे करतो, आणि नर गवतावरून उंच उड्या घेऊन मादीस खुणावतो. हा पक्षी आज अतिसंकटग्रस्त मानला जातो. अकोला व वाशिम परिसरात 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर गवताळ माळांच्या जतनाचे काम करीत आली आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शिकारीच्या नावाने हिणविले गेले, त्यालाच तणमोराचे घर सर्वांत नेमके ठाऊक असावे, यात मला नवल वाटत नाही.

सरकारी कागदावर माळ बहुधा 'पडीक' असतो. त्यामुळे सदिच्छेने वृक्षारोपण करणारी मंडळीही प्रथम माळावरच खड्डे खोदतात. आपल्या शाळेनेही एकदा तसे केले आहे, आणि त्या उपक्रमात मी पुढे होतो. झाडे लावावीत, परंतु गवताच्या घरात झाड लावणे ही प्रत्येक वेळी सेवा नसते, हे मला फार उशिरा कळले. अर्थात आसोचे पाहून आपणही माळ पेटवावा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आपल्याकडे उन्हाळ्यातील वणवा गुरांचा चारा आणि जमिनीवर राहणाऱ्या जिवांचा निवारा एकदमच नेतो.

धुऱ्यावरून सुरुवात

अभयारण्यातून काडीही उचलता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार तेथील वनस्पती तोडणे गुन्हा आहे. मग रचना करणाऱ्याने साहित्य आणावे कोठून? शेताच्या बांधावरून, म्हणजे आपल्या भाषेत धुऱ्यावरून.

भाद्रपदापासून धुऱ्यावर कुर्डू फुलतो. गुलाबी टोकाचे रुपेरी तुरे, ताठ दांडी. इकेबाना शिकणाऱ्याने मुद्दाम पेरावे असे रूप. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्या आयांनी केलेली आहे आणि त्याच्या तुऱ्यांवर फुलपाखरांची सतत ये-जा असते. सोयाबीनमध्ये मात्र तो तण आहे, आणि पिकातला कुर्डू काढणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. तणनाशकाची नळी पिकापुरती न थांबता धुऱ्यावरून फिरते, तेथे माझी तक्रार आहे. तरवड, रुई, कुसळी, रानतुळस ही सारी त्या एका फवाऱ्यात जातात. एखाद्या घरात कुर्डूचा एक तुरा पात्रात मांडला गेला, त्याचे नाव मुलांना कळले, तर पुढच्या हंगामात त्या घरचा माणूस धुऱ्याजवळ आल्यावर नळी बंद करील, अशी मला आशा आहे. उपदेशाने हे घडत नाही. ते मी करून पाहिले आहे.

इकेबानात आणखी एक दृष्टी आहे, जिचा उपयोग आपल्याला सरळ होतो. जुन्या परंपरेत उमललेल्या फुलाइतकेच मान कळीला, वाळक्या काडीला आणि किडीने कुरतडलेल्या पानालाही आहे. बाजारातले फूल डागरहित हवे म्हणून त्यावर औषध मारावे लागते. बहाव्याच्या पानाला पडलेली भोके मात्र बहुधा त्या फुलपाखराच्या अळीची असतात, जे आपल्या अंगणात पुढे पिवळसर पंखांनी फिरते. ते पान लपविण्याऐवजी पुढे ठेवणारा माणूस फवारणीची गरज आपल्या घरापुरती तरी कमी करतो. वाळक्या काडीसाठी तर आपल्याला कोठे जावयाचे कारणच नाही. वेचणी संपल्यावरच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या प्रत्येक घरी आहेत. वाकडी, फाटे फुटलेली, एखादे रिकामे बोंड लोंबणारी पऱ्हाटी उथळ परातीत उभी करून पाहावी.

काड्या उभ्या कशा राहाव्यात, हा व्यवहाराचा प्रश्न. आजकाल मंगल कार्यालयांत आणि, दुःखाने सांगतो, आपल्या जयंतीच्या मंचावरही हिरवा स्पंज आला आहे. पाणी शोषणारा, चुरगळणारा हा पदार्थ फिनॉल व फॉर्मल्डिहाइडपासून बनविलेले प्लास्टिक आहे. तो चुरा होऊन मातीत आणि नाल्यात मिसळतो, पण कुजत नाही. इकेबानाला त्याची गरज कधीच नव्हती. तेथे पितळी टोकांची जड बैठक वापरतात; ती आयुष्यभर पुरते. तीही नसेल तर जुनी रीत आहे : काडाची घट्ट बांधलेली पेंढी पात्रात बसवून तिच्यात देठ खोवणे, किंवा पात्राच्या तोंडात बेचके अडकवून त्याच्या आधाराने फांदी उभी करणे. गव्हाचे काड आपल्याकडे आहे, बेचके बाभळीचे मिळते. आमच्या मुलांनी फुटक्या माठाचा तळ, नाल्यातील गोटे आणि काडाची पेंढी एवढ्यावर विहारातली पहिली रचना केली. ती एका बाजूला कलली होती, पण दोन दिवस टिकली.

देठ कापण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. देठ पाण्यात बुडवून, पाण्याखालीच धारदार सुरीने तिरका कापतात. हवेत कापला तर जलवाहिन्यांत हवा शिरून पाणी वर चढण्यास अडथळा होतो. पाण्याखाली कापल्यास ते टळते आणि तीच फांदी अधिक काळ टिकते. टिकली की दुसरी तोडावी लागत नाही. पात्रातले पाणी दर दोन दिवसांनी बदलून झाडाला घालावे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि वसतिगृहात त्याची किंमत आपण मोजलेली आहे. कण्हेर व रुई यांचा चीक विषारी आहे, तेव्हा कापल्यावर मुलांनी हात धुवावेत. कळलावीचे अग्निज्वालेसारखे फूल कितीही मोहात पाडो, त्यास हात लावू नये. ते विषारीही आहे आणि औषधासाठी उपटले गेल्याने विरळही. पळस आणि काटेसावर यांच्या फांद्या फाल्गुनात तोडू नयेत. त्या वेळी मैना, शिंजीर आणि खारी यांचे पोट त्या फुलांवर असते. खाली पडलेली पळसफुले वेचून पाण्यावर तरंगत ठेवली की काम भागते.

भरपूर तोडण्याची हौस असेल, तर तीही भागविता येते. नाल्यातला बेशरम, वाटेवरची रायमुनिया, तलावावरची जलपर्णी ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली आणि आपल्या वनस्पतींची जागा बळकावणारी. रायमुनियाची फळे काढून टाकून तिच्या फांद्या खुशाल वापराव्यात. बेशरमची ओली काडी मात्र फेकली तेथे मूळ धरते, म्हणून ती उन्हात पुरती वाळवून मगच चुलीत घालावी. गाजरगवताच्या वाटेला जाऊ नये. त्याने अंगाला खाज सुटते.

झेंडूवर मी काही बोललो नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. आपल्या गावांत दसरा-दिवाळीच्या झेंडूवर काही घरांचा हंगाम उभा असतो, आणि तो शेतकरी बहुधा आपलाच कोणीतरी असतो. तेव्हा झेंडू घ्यावा. जवळच्याकडून घ्यावा, दोऱ्यातला घ्यावा, जरी-थर्माकोलातला नको, आणि नंतर तो खताच्या खड्ड्यात जावा. बाबासाहेबांच्या जयंतीला हाराऐवजी वही आणि पेन आणण्याची जी चाल रुजली आहे, तिने हारांचा ढीग कमी झाला आणि मुलांच्या दप्तरात भर पडली. आपल्याला हे जमते, याचा तो पुरावा आहे.

अशाच वहीतून आम्ही 'फुलोऱ्याची वही' सुरू केली. विहारात फूल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्यात तारीख, जागा, वनस्पतीचे नाव, तेथे किती होती, किती घेतली आणि तिच्यावर कोण बसले होते, हे लिहावयाचे. पळस यंदा कधी फुलला, बहावा गतवर्षीपेक्षा आधी आला का, अमुक धुऱ्यावरचा कुर्डू या वर्षी का दिसत नाही, हे त्या वहीतून कळू लागले. एका धुऱ्यावरची रानतुळस नाहीशी झाली, ते प्रथम एका सातवीतल्या मुलीच्या ध्यानात आले. आम्हा शिक्षकांपैकी कोणाच्याही नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शेती करतात, त्यांनी आपल्या धुऱ्याची अशी वही ठेवली आणि वर्षातून एकदा शाळेत आणून दाखविली, तर आपल्या तालुक्यातील कोणती फुले कोठे उरली आहेत, हे सांगणारा दस्तऐवज या शाळेजवळ राहील. त्यासाठी कपाटात एक कप्पा मोकळा केला आहे.

वर्षावास संपला त्या आश्विन पौर्णिमेची नोंद माझ्यासमोर आहे. अक्षर सहावीतल्या मुलाचे. "कुर्डू. नाल्याकडचा धुरा. पुष्कळ होता. एक घेतला. त्याच्यावर मुंग्या होत्या, त्या झटकून तिथंच सोडल्या. पऱ्हाटी एक, घरून आणली. गवत दोन काड्या, नाव सरांना विचारायचे आहे."